खलिता क्रमांक एकसष्ट

तीन ठोके, थांबायचं, मग एक ठोका. पत्र्याच्या मोठ्या पातेल्याच्या झाकणावर, लोखंडी डावानं. हे आमचं घर. शेजारच्या ट्रायफीनाकाकीचं घर म्हणजे सलग सात ठोके, कारण काकीला कुठलीच गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही.

*

नियम चौदा : गव्हर्नरांकडून लंडनला जाणाऱ्या प्रत्येक खलित्यास क्रमांक असावा. एका खलित्यात एकच विषय असावा. क्रमांक गाळू नये, दुबार देऊ नये. नवीन वर्षी पुन्हा एकपासून सुरुवात करावी.

*

सुकं खोबरं मी कधी पाहिलेलं नाही. फिजी नावाच्या बेटांवर ते होतं आणि त्याबद्दल लंडनशी पुष्कळ पत्रव्यवहार चालतो, एवढं ठाऊक आहे.

*

सीलच्या शिकारीची जहाजं मार्चच्या दहा तारखेला सेंट जॉन्सच्या बंदरातून सुटतात. त्या दिवशी गावात कोणी मरत नाही. मेलं तरी उचलायला माणसं मिळणार नाहीत.

*

माझ्या बहिणीचं घर जूनमध्ये समुद्रावरून आलं.

*

खडक राजाचा आहे. धुकं आमचं आहे.

*

आता सलग सांगते.

मी व्हर्च्यू हॅन. टेकडीवरच्या कचेरीत टंकलेखन करते. गव्हर्नरसाहेब लंडनला जे काही कळवतात ते आधी माझ्या बोटांखालून जातं, आणि माझ्या बोटांखालून गेलेलं एलिएझर नोझवर्दी यांच्या जावक बारनिशीत चढतं. एलिएझरकाका एकतीस वर्षं त्याच खुर्चीवर बसतात. खुर्चीला त्यांचा आकार आलाय की त्यांना खुर्चीचा, यावर कचेरीत दोन मतं आहेत. आम्हा दोघांच्या वर कॅप्टन थ्रिंग, साहेबांचे खासगी चिटणीस. ते इंग्लंडहून आले तेव्हा म्हणाले होते, "दोन वर्षं काढीन." चार झाली.

माझं गाव डनेज टिकल. गावाच्या तोंडाशी समुद्रात एक अरुंद वाट आहे आणि वाटेच्या कडेला, किनाऱ्यापासून चाळीस हातांवर, एक खडक. आजोबांच्या काळात राजाच्या आरमाराचं एक जहाज मोजणीला आलं आणि नकाशात त्या खडकाशी लिहून गेलं : आरमारासाठी राखीव. नंतर आरमार काही आलं नाही, पण राखीव ते राखीव. खडकावर भोंगा बसवावा म्हणून गावानं आमच्या बेटाच्या सरकारकडे अर्ज केला. सरकार म्हणालं, खडक राजाचा, लंडनला विचारा. लंडनला परस्पर विचारता येत नाही, गव्हर्नरांच्या खलित्यातून विचारावं लागतं. म्हणून अर्ज टेकडीवर आला. आधीच्या चिटणिसांनी त्यावर शेरा मारला : 'स्थानिक बाब. खलित्याचा विषय नव्हे.' दुसऱ्या अर्जावरही तोच. तिसऱ्यावर कॅप्टन थ्रिंग यांनी नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलं. तिन्ही अर्ज एलिएझरकाकांच्या खालच्या खणात पडले. अकरा वर्षं.

या अकरा वर्षांत बाबा सदुसष्टचे झाले. होडी अजून काढतात, एकटेच. धुकं उतरलं की आई टेकाडावर उभी राहून झाकण बडवते. वारा समुद्रावरून असला तर ठोके तिच्याच तोंडावर परत येतात आणि पाण्यावर काही ऐकू जात नाही. तीन ठोके बाबांसाठी आहेत. चौथा माझ्या भावासाठी, एबेनसाठी. एबेन एकोणीसशे एकवीसच्या ऑगस्टपासून नाही. पण आईनं ठोका कमी केलेला नाही. ती म्हणते, मधेच चाल बदलली तर तुझे बाबा शेजारणीच्या दारात जाऊन उभे राहतील.

*

तर दहा मार्च, एकोणीसशे सव्वीस.

एलिएझरकाकांची पद्धत अशी : आधी क्रमांक, मग कागद. टपालाची थैली बाराला बंद होते. आयत्या वेळी शाई ओली राहू नये म्हणून ते सकाळीच बारनिशीत आकडा घालून ठेवत. त्या सकाळी त्यांनी एकसष्ट घातला. विषय कॅप्टनसाहेब सांगणार होते. कॅप्टनसाहेब एका जहाजावर, तिथल्या कप्तानाच्या खोलीत, निरोपाची रम घेत होते. तेवढ्यात बंदरातल्या साऱ्या जहाजांनी एकदम शिट्ट्या फुंकल्या. एलिएझरकाकांचा मेहुणा त्यातल्या एकावर होता.

"पाच मिनिटांत येतो," असं म्हणून काका गेले. मीही गेले. शिपाई आमच्या आधी गेला होता.

आम्ही तीनला परतलो. दुसऱ्या दिवशी काकांनी पान उलटलं आणि बासष्टपासून सुरुवात केली.

*

जुलैत लंडनचं पत्र आलं. सहामाही ताळा घेतला असता आपला खलिता क्रमांक ६१ येथे पोचलेला दिसत नाही. विषय कळवावा व खरी नक्कल धाडावी.

एलिएझरकाकांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"पोरी, बारनिशी आण."

आणली. साठ होता, बासष्ट होता. मधे एकसष्टही होता, मोत्यासारख्या अक्षरात, आणि त्याच्यापुढे विषयाच्या रकान्यात कोरा कागद.

"काय होता हो हा?"

"काही नव्हता."

"मग तसं लिहा. काही नव्हता म्हणून."

"एकतीस वर्षं मी लंडनला काहीतरी पाठवत आलोय, व्हर्च्यू. आता काय लिहू, यंदा राजाला एक काहीच-नाही पाठवलं? बारा मैलांवरून येऊन लोक मला बघून जातील. हा तो, म्हणतील, ज्यानं आकडा सांडला."

त्यांचा चेहरा मिठात पडलेल्या कॉड माशासारखा पांढरा पडला होता. मी खाली वाकले आणि त्यांच्या खुर्चीखालून हात घालून तो खण ओढला.

"काय करतेस?"

"काका, तुमच्यापाशी विषय नसलेला क्रमांक आहे. माझ्यापाशी क्रमांक नसलेला विषय आहे."

काकांनी तिन्ही अर्ज एकेक करून मेजावर मांडले.

"हे खोटं होईल."

"त्यांनी मागितलंय काय? खरी नक्कल. नक्कल आपण अगदी खरी करू."

"जे नव्हतंच त्याची?"

"रविवारी प्रार्थनेत तुम्ही स्वर्गाचं वर्णन गाता ते बघून आल्यासारखंच ना?"

"तोंड सांभाळ. तुझ्या आईला पत्र लिहीन."

"लिहा. तीच झाकण बडवत असते. हात मोकळा झाला की उत्तर देईल."

काकांनी टोपी उचलली. घरी जेवायला गेले. बुधवार होता, म्हणजे त्यांच्याकडे भिजवलेला कडक पाव, खारा मासा आणि वर चरबीचे कुरकुरीत तुकडे. या जेवणानंतर माणूस एरवी दोन तास कसलाच निर्णय घेत नाही. पण काका तासाभरात परत आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "तारीख तू घाल. मी तोवर चष्मा काढून बसतो."

मी सगळ्यात जुना अर्ज पुढ्यात घेतला. तोच तिघांत नीट लिहिलेला होता. मी फारसं काही बदललं नाही. घरांचा आकडा तेवढा आजचा घातला.

*

क्र. ६१
१० मार्च १९२६

महोदय,

आपणांस सविनय कळविण्याचा बहुमान मला लाभत आहे की, डनेज टिकल या गावी सत्तावीस घरे असून सर्वांचा निर्वाह मासेमारीवर आहे. गावाच्या मुखाशी महाराजांच्या आरमारासाठी राखीव असा एक खडक आहे. धुक्यात तो खडक दिसत नाही, आणि दिसत नाही तेव्हा तो बोलतही नाही. त्याला आवाज द्यावा एवढीच विनंती आहे.

आपला अत्यंत आज्ञाधारक व नम्र सेवक

*

नक्कल खरी आहे असा शेरा कॅप्टनसाहेबांचा लागतो. आम्ही दोघं आत गेलो.

"हे मी पाहिलंय?" त्यांनी विचारलं.

"दहा मार्चला, साहेब," मी म्हटलं. "जहाजं सुटली त्या दिवशी."

साहेबांचे कान लाल झाले. त्या दिवशी त्यांना जहाजावरून दोन माणसांनी धरून उतरवलं होतं आणि उतरताना त्यांनी एका जिवंत कुत्र्याला सील समजून सलाम केला होता. हे सगळ्या बंदरानं पाहिलं होतं. न पाहिलेले एकटे तेच.

"हो हो. धुकं. आठवतं ना. मीच म्हणालो होतो, फार निकडीचं आहे."

"आपण 'वरीलप्रमाणे' म्हणाला होतात," एलिएझरकाका म्हणाले. खरं बोलायची सवय एका जेवणात कशी जाईल? मी त्यांच्या बुटावर बूट ठेवला.

"ते आधी, नोझवर्दी. नंतर माझं मत बदललं. माणसाचं मत बदलू शकतं."

"होय साहेब," काका कळवळून म्हणाले. बूट माझा जड होता.

सही झाली. कागद गव्हर्नरसाहेबांकडे गेला आणि शेरा घेऊन परत आला :

'पाहिले. शेवटचे वाक्य चांगले आहे. मी ते तेव्हा सुधारल्याचे स्मरते.'

*

थैली गेली आणि तीन दिवसांनी बहिणीचं पत्र आलं. पडदे मिळाले म्हणून. नव्या जागी खिडक्या छान उजेड देतात म्हणून. बहिणीचं सासर शेजारच्या खाडीत होतं. तिचा नवरा आमच्या गावात राहायला यायचं म्हणाला तेव्हा त्यांनी, आमच्याकडे करतात तसं, घरच पिंपांवर चढवून, होड्यांना बांधून, भरतीबरोबर ओढत आणलं. एकोणीस जूनला. त्यात माझी भाची खिडकीत बसून लोकांना हात करत होती.

मी ते पत्र हातात धरून बारनिशीच्या मेजाशी गेले.

"काका, मार्चमध्ये आमच्याकडे घरं सव्वीस होती."

"मग?"

"मी सत्तावीस लिहिलीत."

त्यांना उमगायला जरा वेळ लागला. मार्चच्या कागदात जूनचं घर.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "ते घर परत नेता येणार नाही का?"

"ताईनं पडदे लावलेत."

"लंडनला कळलं तर?"

"लंडनमधल्या माणसाला आमचं घर तरंगतं हे कसं कळणार?"

"त्यांच्याकडे सगळं लिहिलेलं असतं," काका म्हणाले. ते स्वतः लिहिणाऱ्यांपैकी असूनही त्यांची ही श्रद्धा होती. त्या दिवसापासून इंग्लंडचं टपाल आलं की ते आधी दाराकडे बघत, मग थैलीकडे.

मी बघत होते ते दुसऱ्या पत्रांकडे. आईचं अक्षर मोठं आणि थोडकं. 'बाबा मंगळवारी सकाळी गेले ते बुधवारी दुपारी आले. धुकं. ट्रायफीनाचे ठोके ऐकून आले आणि तिच्याकडेच चहा घेऊन बसले. मी इकडे बडवतेय. घरी आल्यावर मी काय बोलले ते लिहीत नाही. चहात काकवीसुद्धा तिनंच घातली.' पुढच्या आठवड्यात : 'पुन्हा धुकं. माझा उजवा खांदा आता उठत नाही, डाव्यानं बडवते. डाव्याची चाल बाबांना ओळखू येत नाही असं ते म्हणतात.'

*

सप्टेंबर. लंडन :

खलिता क्र. ६१ गहाळ झाल्याबद्दल अत्यंत खेद वाटतो. असा प्रसंग येथे पूर्वी घडलेला नाही. दोन अधिकारी शोध घेत आहेत. दरम्यान, सहा महिने उत्तर न गेल्यामुळे विषयास झालेला विलंब लक्षात घेता, सदर खडकावर हाताने फिरवायचा एक भोंगा बसविण्यास मंजुरी देण्यात येत आहे. भोंगा येथून पाठविण्यात येईल.

मी दोनदा वाचलं. मग काकांच्या टकलाचा मुका घेतला. एकतीस वर्षांत असं काही झालं नव्हतं, पण त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते त्यांना न सुचल्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं.

"शोध घेतायत," काका म्हणाले. त्यांनी तेवढीच ओळ वाचली होती. "दोन माणसं, व्हर्च्यू. माझ्या एका आकड्यापायी दोन म्हाताऱ्या कारकुनांना शिडीवर चढवलं असेल. एखादा पडला तर?"

"म्हातारेच कशावरून?"

"शोधायला म्हाताऱ्यालाच पाठवतात. तरुण माणूस सापडलं नाही म्हणून सांगतो आणि जेवायला जातो."

त्यांनी माफीचं पत्र लिहायला घेतलं. सगळं खरं सांगणारं. मी विचारलं, याला क्रमांक कुठला देणार? आणि भोंगा निघायच्या आधी हे पोचलं तर? काकांनी लेखणी खाली ठेवली. पण पत्र फाडलं नाही. खणात टाकलं. तो खण आता रिकामाच होता.

*

नोव्हेंबर. लंडन :

कळविण्यास आनंद होतो की खलिता क्र. ६१ ची मूळ प्रत सापडली आहे. ती अनवधानाने फिजी येथील सुक्या खोबऱ्यासंबंधीच्या बासनात बांधली गेली होती. आपल्या नकलेशी ताडून पाहिली असता अक्षर न् अक्षर जुळते. माहितीसाठी तिची प्रत सोबत जोडली आहे.

एलिएझरकाका उभे राहिले. मग बसले.

"सापडला?"

"असं म्हणतात."

"जो मी लिहिला नाही तो?"

मी जोडलेली प्रत उलगडली. क्रमांक एकसष्ट. दहा मार्च. डनेज टिकल या गावी सत्तावीस घरे असून.

"सत्तावीस," मी म्हटलं.

"मार्चमध्ये?"

"मार्चमध्ये. मूळ प्रतीत."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग काका हसायला लागले. मी त्यांना हसताना आधी पाहिलं नव्हतं. आवाज गंजलेल्या कप्पीसारखा होता, आणि शिपाई पाणी घेऊन धावत आला.

"तिथेही आहे," काका डोळे पुसत म्हणाले. "तिथेही कुणीतरी आहे, व्हर्च्यू. खुर्चीतला. बिचाऱ्यानं रात्रंदिवस शोधलं असेल, सापडेना, मग शेवटी बसला आणि आमचीच नक्कल समोर ठेवून..." आणि त्यांना पुन्हा उबळ आली.

कॅप्टन थ्रिंग आवाज ऐकून बाहेर आले. त्यांनी पत्र वाचलं.

"बघ नोझवर्दी, मी म्हणालो नव्हतो? मला स्पष्ट आठवत होतं."

"होय साहेब. आपल्या सहीची शाईसुद्धा जुळली असेल."

त्या आठवड्याच्या टपालात काकांनी घरच्या बेकअ‍ॅपल नावाच्या रानफळांच्या मुरंब्याची एक बरणी घातली. वर लंडनच्या त्या कचेरीचा पत्ता आणि खाली, 'नोंदणीच्या मेजावर बसणाऱ्यास'. आत चिठ्ठी नाही, क्रमांक नाही. पोच आली नाही. फेब्रुवारीत बरणी मात्र धुऊन, पुसून, झाकण घट्ट लावून परत आली.

*

भोंगा पुढच्या जूनमध्ये आला. देवदाराच्या पेटीत, फिरवायच्या दांड्यासह आणि बेचाळीस सूचनांसह. कॅप्टनसाहेब मेजवान्यांत त्याला 'माझा भोंगा' म्हणत. मी सुट्टी घेऊन पेटीबरोबर गावी गेले. किनाऱ्यापासून खडकापर्यंत फळ्या टाकल्या. भोंगा फिरवणार कोण यावर गावात दोन दिवस भांडण झालं आणि शेवटी ट्रायफीनाकाकीची नेमणूक झाली, कारण तिच्याशी भांडायला तिसऱ्या दिवशी कोणी उरलं नाही.

सूचना सात : दर मिनिटास एक दीर्घ आवाज. काकी सात देते.

"काकी, एकच द्यायचाय. राजाचा हुकूम आहे."

"राजा इथे येऊन एकदा धुक्यात उभा राहू दे, मग सांगेल मला किती ते. एकानं कुणाचं भागतं गं?"

तिनं दर तिमाहीला अहवाल पाठवायचा असतो. पहिला अहवाल मीच टंकलिखित केला. 'धुकं : होतं. भोंगा : वाजवला. सगळे आले.'

बाबा पहिल्या धुक्यात संध्याकाळच्या आत आले. होडी लावली, मासे वर फेकले, आणि टेकाडाकडे बघून ओरडले, "अगं, भोंगा आलाय ना! आता कशाला बडवतेस?"

"भोंगा खडकाचा आहे," आई वरून ओरडली. "हे आपल्या घराचं आहे. जेवायचंय का ट्रायफीनाकडे जाताय?"

आणि तिनं डाव्या हातानं पुन्हा सुरुवात केली. तीन, मग थांबली, मग एक.

ऑगस्टमध्ये लंडनहून खलिता आला की, डनेज टिकल येथील भोंगा ठरल्यापेक्षा सहा आवाज जास्त देतो अशी एका मालवाहू जहाजाच्या कप्तानाची तक्रार आहे, खुलासा करावा. एलिएझरकाकांनी बारनिशी उघडली. मी म्हटलं, आधी विषय लिहा. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि आधी क्रमांक लिहिला.

गव्हर्नरसाहेबांची मुदत संपली तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं, की धुक्यात खडक दिसत नाही, आणि दिसत नाही तेव्हा तो बोलतही नाही. टाळ्या पडल्या. कॅप्टनसाहेब शेजारच्याला म्हणाले, मसुदा तसा माझाच होता.

एकोणीसशे पंधरा सालचा पहिला अर्ज एबेननं लिहिला होता. आमच्यात त्याचं अक्षर सगळ्यात चांगलं होतं.